राजकुमारच्या मापाची सीट

उंच माणसाचं कौतुक लोकांना लांबून असतं. त्याच्या घरच्यांना विचारा म्हणजे कळेल. दाराच्या चौकटीला चिंध्या गुंडाळाव्या लागतात, खाट वेगळी करून घ्यावी लागते, आणि एसटीत बसवून दिला की उतरेपर्यंत त्याचे गुडघे पुढच्या प्रवाशाच्या पाठीत. अमडापूरच्या पुढं डोंगराच्या पायथ्याला वावर असलेला राजकुमार हा असा माणूस. त्याच्या लग्नात भटजींनी अंतरपाट कितीही वर धरला तरी नवऱ्याला नवरी दिसतच होती. नवरी म्हणजे डोणगावची कोकिळा. तिला अंतरपाट निघाल्यावरही नवऱ्याच्या शर्टाचं बटणच दिसलं. मांडव हसला, तीही हसली. तोंडाला पदर लावून खुदुखुदु हसायची तिची सवय तेव्हाची.

गोष्ट या कोकिळाची आहे. आता ती हसत नाही, हे आधीच सांगून टाकतो. उगाच आशेला लावण्यात काय अर्थ?

घरात एक जुनी जीप होती. सासऱ्यांनी, कारभारींनी, सरकारी लिलावात घेतलेली. वावराकडं जाणारी वाट अशी, की बैल दोनदा विचार करतो. मध्ये नाला, नाल्याच्या दोन्ही अंगांना चढ, चढावर धोंडे. तिथं जीपच चाले. लग्नानंतर राजकुमार जालन्याला कारखान्यात कामाला होता आणि कारभारींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. वावर तर पाहायला पाहिजे! एक दिवस म्हाताऱ्यानं सुनेला जीपमध्ये बसवलं आणि स्वतः बाजूला बसला.

"घाई काऊन करून राह्यली वो? क्लच हळू सोड. गाडी हाय, म्हैस नाई, लाथ नाई मारत."

महिनाभरात कोकिळा नाला पार करून चढ चढायला लागली. उभी राहिली तर जेमतेम बोनेटच्या वर दिसणारी बाई, पण स्टिअरिंगमागं बसली की वेगळीच. माहेरी शिक्षण अर्ध्यात सुटलेलं, सासरी स्वयंपाक-धुणं, यात तिला स्वतःचं असं एवढंच मिळालं होतं. तिला त्याचा फार अभिमान होता. बोलून दाखवायची नाही, ते वेगळं.

कारभारी गेले. राजकुमार नोकरी सोडून घरी आला. सुरुवातीला तोही कौतुकानं बायकोशेजारी बसायचा. पण गावाला ते बघवेल तर ना! पारावरच्या शेषरावनं एकदा भर चौकात विचारलं, "काय राजकुमार, लायसन बायकोचं अन् नवरा किन्नर?" किन्नर म्हणजे ट्रकवरचा क्लीनर. सगळे खदाखदा हसले. तेव्हापासून गावातून जाताना जीप राजकुमारच चालवायचा. कोकिळा चालवायची ती नाल्यापलीकडं, धुऱ्याधुऱ्यानं, म्हणजे बांधाबांधानं, पाण्याचे ड्रम नाहीतर कडबा आणायला. राजकुमारला ते माहीत होतं आणि चालत होतं. फक्त गावाला दिसता कामा नये, एवढंच.

आता जीपची बैठक. अशा जुन्या जीपमध्ये बसणं म्हणजे शिक्षाच. सीट म्हणजे पायपाच्या सांगाड्यावर घातलेली पातळ गादी. खाली टाकी, म्हणून ती खाली घेता येत नाही. मागं पत्रा, म्हणून मागं सरकत नाही. राजकुमारचे गुडघे स्टिअरिंगच्या दोन्ही बाजूंना वर यायचे, मान हूडच्या पायपाखाली वाकलेली. पाच-सहा वर्षांत त्याच्या कमरेचं भजं झालं. सकाळी खाटेवरून उठताना तो भिंत धरायचा आणि विव्हळायचा. कोकिळा तेल चोळायची, विटेचा शेक द्यायची आणि मनातल्या मनात त्या जीपला शिव्या घालायची.

शेवटी चिखलीच्या बशीरभाईला बोलावलं. बशीरभाईचं कुशनचं दुकान. ट्रकच्या, ट्रॅक्टरच्या सीटा करण्यात हयात गेलेली. या माणसाची एक पद्धत होती. गिऱ्हाईक ज्या वाटेवर गाडी चालवतं त्याच वाटेवर तो शेजारी बसून एक फेरी मारणार, कुठं धक्का बसतो, कुठं माणूस अंग चोरतो ते पाहणार, आणि मगच टेप काढणार. दुकानात उभ्या-उभ्या माप घेणाऱ्यांना तो शिंपी म्हणायचा.

फेरी मारून दोघं अंगणात आले. तिथं शेषराव आधीच येऊन टेकलेला. गावात नवं काही चाललं की याला वास लागतोच. कोकिळा चहा घेऊन बाहेर आली.

"काम होते," बशीरभाई म्हणाला. "मागचा पत्रा कापतो, सीट चांगली वीतभर मागं घेतो. मांडीखालची गादी लांब करतो, गुडघ्यापर्यंत आधार भेटला पायजे तुमाले. कमर वाचन. फक्त एक सांगा. खाली रेल टाकली तर सीट पुढं-मागं सरकन, पण रेलमुळं बोटभर वर येईन आन् तुमचं डोकं पायपाले लागन. रेल नाई टाकली तर बोल्टानं फिक्स. मंग ते फकस्त तुमच्याच मापाची. म्हून विचारतो, दुसरं कोणी चालवते का गाडी?"

राजकुमारनं एकदा शेषरावकडं पाहिलं. मग हसला.

"दुसरं कोण चालवते? म्याच चालवतो. करून टाका फिक्स."

कोकिळाच्या हातात ट्रे होता. बशीरभाईनं तिच्याकडंही पाहिलं, कारण बायांना घरातलं जास्त माहीत असतं हा त्याचा अनुभव. एक शब्द पुरला असता. "मी चालवते" एवढं म्हणायचं, बस्स. पण परक्या माणसासमोर, त्यातून शेषरावसमोर, नवऱ्याचा शब्द खोटा पाडायचा? आपल्याकडच्या कोणत्या बाईनं पाडला असता ते मला दाखवा. तिनं कप पुढं केला आणि विचारलं, "साखर बराबर हाय का दादा?"

रात्री सांगू, असं तिनं ठरवलं. मग वाटलं, सीट झाल्यावर सांगू, एकदा रेल घालून घेऊ. सीट झाली. राजकुमार पहिली फेरी मारून आला तो लहान पोरासारखा उड्या मारत. "कोकिळे, पाय सरळ होते वो! कमरेत काईच नाई! बशीरभाईचे हात सोन्यानं मढवा!" किती वर्षांनी त्याचा चेहरा असा उघडा दिसला होता. त्या चेहऱ्यासमोर ही बया काय बोलणार? ती म्हणाली, "बरं झालं बाई, देवच पावला."

तो झोपल्यावर एका दुपारी ती जीपमध्ये जाऊन बसली. मांडीखालची लांब गादी तिच्या पोटऱ्यांपर्यंत आली, पाय हवेत. पुढं सरकून बसावं तर गादीचा उंच काठ खाली ढकलून देई. क्लचला चवडा टेकला, पण दाबला जाईना. तिनं पुन्हा पुन्हा करून पाहिलं. मग उतरली आणि भांडी घासायला बसली. आपल्याला कुठं जायचंय गाडी घेऊन, असं स्वतःला सांगितलं. आणि घासता घासता रडली. आपलं एवढंच एक होतं, तेही गेलं, आणि कुणी घेतलंही नाही की भांडावं.

पुढं हरभरा पेरायचे दिवस आले. अमडापूरचा बाजार होता, आजूबाजूच्या वावरांत चिटपाखरू नाही. राजकुमार, कोकिळा आणि मजुरीला आलेली शालूबाई, तिघंच. दुपारी राजकुमार मोटार चालू करायला विहिरीकडं गेला आणि परत येताना धुऱ्यावर बसला. कोकिळानं हाक मारली. त्यानं तोंड उघडलं तर शब्दाऐवजी लाळ आली. तोंड एका बाजूला गेलेलं, उजवा हात लोंबतोय.

"लकवा हाय वो बाई हा!" शालूबाई ओरडली. "लवकर न्या, लवकर!"

मोबाइलला रेंज नाही. अँब्युलन्स आली तरी डांबरी रस्त्यापर्यंतच. दोघी बायांनी तो सव्वासहा फुटी देह ओढत, ढकलत डाव्या सीटवर चढवला. शालूबाई मागून त्याला कवटाळून बसली आणि कोकिळा त्या राजेशाही सीटवर.

तिनं पोत्यांची घडी करून पाठीमागं कोंबली. त्यावर सतरंजी. क्लचवर जोर दिला की पोती दबायची आणि ती मागं जायची. गाडी चालू व्हायची, आचका द्यायची, बंद पडायची. पुन्हा चालू. पुन्हा बंद. राजकुमार एका डोळ्यानं तिच्याकडं पाहत होता. "आलो वो आपण, आलोच," ती म्हणत होती आणि गाडी जागची हलत नव्हती. शेवटी तिनं गादीच्या काठावरून अंग खाली सोडलं, स्टिअरिंगला दोन्ही हातांनी लोंबकळली, आणि चाकाच्या आतून जेवढी वाट दिसेल तेवढी पाहत जीप काढली. उतार उतरली. नाल्यात घातली. नाल्याबाहेरच्या चढावर गिअर बदलायला क्लच पूर्ण दाबायला हवा होता. तो दबला नाही. गाडी बंद पडून मागं घसरली. ब्रेकवर पाय मारला, तो गादीच्या काठाला लागून निसटला. मागचं चाक गाळात गेलं ते गेलंच.

याच चढावर सासऱ्यांनी तिला शाबासकी दिली होती. डोळे मिटून चढली असती ती, जुन्या सीटवर.

शालूबाई पळत सुटली. ट्रॅक्टर मिळायला तिला पार रस्त्यापर्यंत जावं लागलं. तोवर कोकिळा नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन त्या गाळात. ती हंबरडा फोडून रडत होती आणि ऐकायला कोणी नव्हतं. ऊन कलायला लागलं तेव्हा ट्रॅक्टर आला. मग रस्ता, मग अँब्युलन्स, मग बुलढाणा. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि चष्मा काढला.

"जीव वाचेल. पण यावर एक इंजेक्शन असतं, ते ठरावीक वेळेतच देता येतं. थोडं आधी आणलं असतं तर कदाचित हात-पाय, बोलणं परत आलं असतं. फार नाही हो, थोडंच आधी."

राजकुमार वाचला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. समज मात्र जशीच्या तशी राहिली. ती गेली असती तर बरं झालं असतं, असं कोकिळाच्या मनात येई आणि मग ती स्वतःच्याच थोबाडीत मारून घेई.

आणि गाव काय करत होतं? गाव कौतुक करत होतं! बाईनं मरत्या नवऱ्याला जीपमध्ये घालून नाल्यात गाडी घातली, काय छाती, काय धाडस! सगळ्यात मोठ्यानं कोण सांगत होतं म्हणाल तर शेषराव. महिला दिनाला शाळेच्या पटांगणात मांडव पडला, स्पीकर आला. उपसरपंच महादेवराव घरी येऊन सांगून गेले, सत्कार आहे, नाही म्हणायचं नाही. राजकुमारला चाकाच्या खुर्चीत घालून आणलं आणि मंचावर तिच्या शेजारी ठेवलं. महादेवरावांनी आधुनिक सावित्री वगैरे बरंच काही म्हटलं. शाल घातली, नारळ दिला आणि माइक तिच्या हातात कोंबला. "दोन शब्द बोला."

मांडवात मागच्या रांगेत बशीरभाई बसला होता. निरोप कुणी धाडला कोण जाणे.

कोकिळानं राजकुमारचा चांगला हात हातात घेतला आणि बोलली. आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत बोलली.

"मी काई वाचवलं नाई. माहा पाय पुरला नाई. सीट यांच्या मापाची होती, मी त्याच्यावर बसून पाह्यलं होतं, मले माहीत होतं का माहा पाय पुरत नाई. बशीरदादानं इचारलं होतं का दुसरं कोणी चालवते का. मी चालवत होती. मी तिथंच उभी होती. मी बोलली नाई. तवा बोलली असती तर आज हे बोलले असते."

मग महादेवरावांनी माइक घेतला. "बघा! एवढं करून म्हणते काय, मी काहीच केलं नाही! याला म्हणतात मोठेपणा!" आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. शेषराव तर उभा राहून टाळ्या वाजवत होता. मागच्या रांगेत बशीरभाईनं टोपी काढून तोंडावर धरली आणि तो उठून बाहेर गेला.

एकही माणूस ऐकायला तयार नव्हता. पण खुर्चीतल्यानं सगळं ऐकलं होतं. राजकुमारचा अर्धा चेहरा रडत होता, अर्धा तसाच होता. कोकिळा त्याच्याकडं वळली तेव्हा त्यानं तिच्या हातातून आपला हात ओढून घेतला.

राग कुणाचा आला होता त्याला? न बोलणाऱ्या बायकोचा, की "म्याच चालवतो" म्हणून हसणाऱ्या स्वतःचा? तिनं त्या दिवशी विचारलं, दुसऱ्या दिवशी विचारलं, पाया पडून विचारलं. तो भिंतीकडं पाहत राहिला. आता शालूबाई दोन वेळा येऊन त्याला भरवते, कारण कोकिळानं घास पुढं केला की तो ओठ मिटून घेतो. ती ताट वाढते, शालूबाईच्या हातात देते आणि त्याचं जेवण होईपर्यंत दाराबाहेर उभी राहते.