दीपा सातपुतेचा मंगळवार

दीपा,

तुला पत्र पाठवायचं तर कुठल्या पत्त्यावर? आठवड्यातले सहा दिवस तू रस्त्यावर, सातव्या दिवशी झोपलेली. म्हणून हे मंडळाच्या अंकातच छापायला देते. टेनेसीतल्या एखाद्या ट्रक स्टॉपवर चहा घेताना फोनवर वाच. तुझ्याबद्दल इथे लोक अर्धवट बोलतात, ते मला ऐकवत नाही. तुझी गोष्ट तुलाच काय सांगू? बाकीच्यांना सांगते. चुकलं तर फोन कर, पण इंजिन बंद करून.

तर दीपा सातपुते इथे टेक्सासात, अर्विंगला आली ती नवऱ्याच्या, यतीनच्या व्हिसावर. नऊ वर्षं तिला नोकरीची परवानगी नव्हती. बी.कॉम. झालेली, हातापायांनी धड बाई नऊ वर्षं दुसऱ्यांची मुलं क्लासला पोचवत होती. ग्रीन कार्ड हातात पडलं, त्याच आठवड्यात तिने ट्रक शिकवणाऱ्या शाळेत नाव घातलं. यतीन म्हणाला, "अगं, रिअल इस्टेट कर ना. सगळ्या बायका तेच करतात."

"सगळ्याच विकणार, मग घेणार कोण?" असं म्हणून ती निघून गेली.

शिकली, तीन वर्षं दुसऱ्याचा ट्रक चालवला, मग हप्त्यांवर स्वतःचा घेतला. काम होतं पुरुषोत्तमकाकांच्या गोदामाचं. मेक्सिकोतून आलेली भेंडी, कारली, मेथी अर्विंगला उतरायची आणि दर मंगळवारी दीपा तीच भाजी न्यू जर्सीला न्यायची. तीन दिवस जायला, तीन यायला. तुमच्या तिथल्या वेस्ट विंडसरच्या बहिणी ज्या मेथीचे ठेपले करतात ना, ती मेथी दीपाने नेलेली.

माल चढवताना ती एकेक खोकं उघडायची आणि भेंडीचा शेंडा मोडून बघायची. कट्‌कन मोडला तर चढवा, वाकला तर उतरवा. गोदामातली मंडळी हसायची. "दीपाताई, पाव किलो बांधून देऊ का?" ती म्हणायची, "द्या की. लिंबू फुकट घाला." पण शेंडे मोडायची थांबली नाही. तिच्या ट्रेलरमध्ये मधोमध जाड पडदा होता. पुढे कडक थंडीत मेथी-कोथिंबीर, मागे जरा उबेला भेंडी-कारली.

मागच्या वसंतात गोदामाची भाडी ठरवणाऱ्या मध्यस्थाचा, म्हणजे ब्रोकरचा फोन आला. फेरीचे बेचाळीसशे डॉलर मिळायचे, ते आता एकोणतीसशे. परवडत नसेल तर राहू दे.

झालं होतं असं. मेक्सिकोतल्या माँटेरेहून रामिरो नावाचा ड्रायव्हर भाजी घेऊन अर्विंगपर्यंत यायचा. नियम असा की परदेशी ट्रकने माल आणावा, उतरवावा, परतीचा माल भरून मायदेशी जावं. इथल्या इथे, एका राज्यातून दुसऱ्या राज्यात भाडं मारायचं नाही. पण ब्रोकरने नियमाकडे पाठ केली आणि रामिरोलाच पुढे न्यू जर्सीला पिटाळलं. तिकडच्या पगाराच्या हिशेबात त्याला एकोणतीसशेही पुष्कळ. दीपाच्या ओळखीच्या चार जणांनी अशाच भावामुळे त्या वर्षी ट्रक विकले होते.

दीपाचा ट्रक तीन मंगळवार दारात उभा राहिला. अजून दोन हप्ते चुकले असते तर बँकेने ओढून नेला असता.

यतीन चिडला. "हे लोक बाहेरून येतात, कमी पैशांत कामं पळवतात, यार. तक्रार कर."

"तू पहिल्यांदा ऑफिसात गेलास, तेव्हा तिथले लोक तुझ्याबद्दल काय बोलत होते?"

यतीन कणीक मळायला लागला.

"तक्रार केली तर रामिरोला घरी धाडतील," ती म्हणाली, "ब्रोकर उद्या दुसरा रामिरो आणेल. मी गोदामात जाऊन येते."

मंगळवारी सकाळी ती नुसती माल चढवायच्या धक्क्यावर जाऊन उभी राहिली. सवयीने शेंडा मोडला. भेंडी उत्तम होती. मग रामिरोच्या हातातला कागद पाहिला. सगळ्या ट्रेलरला एकच तापमान, चौतीस फॅरनहाइट, म्हणजे जवळजवळ बर्फाची थंडी.

"काका, भेंडी चौतीसला? तीन दिवस?"

"ब्रोकरने लिहिलंय. तो बघून घेईल."

"तो कधी भेंडी चिरतो का? तुमच्या फ्रिजमध्ये मागच्या भिंतीला चिकटलेली भेंडी कशी होते, ते काकूंना विचारा."

काकांनी विचारलं नाही. दीपाने रामिरोलाही सांगितलं, मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये. त्याने खांदे उडवले. कागदावर लिहिलेलं बदललं तर त्याचे पैसे कापतात. त्यात त्याची काय चूक?

शुक्रवारी न्यू जर्सीहून फोटो आले. भेंडी काळी, बुळबुळीत, वर डाग. कारल्यांची तीच गत. आठ पॅलेट, म्हणजे खोक्यांच्या आठ चळती कचऱ्यात. ब्रोकरने फोन उचलला नाही. मग पुरुषोत्तमकाकांनी दीपाला लावला.

"येतेस का मंगळवारी? बेचाळीसशे देतो."

एखादी लगेच हो म्हणाली असती. दीपा गोदामात गेली, खुर्ची ओढून बसली. "पंचेचाळीसशे. वर्षाचा करार, मधे ब्रोकर नाही. तापमान मी लिहिणार."

"बरं."

"आणि रामिरोने इथपर्यंतच आणायचं. पण परत जाताना त्याला रिकामा पाठवायचा नाही. तुमचे रिकामे क्रेट माँटेरेला जातातच, ते त्याला द्या, चांगल्या भावाने."

"त्याचं तुला काय गं?"

"तो सुखी असला तर माझ्या मंगळवारावर डोळा ठेवणार नाही."

काकांनी सही केली. हप्ते वेळेवर जातात. ट्रक विकलेल्या त्या चौघांपैकी एकाला तिने काकांचंच शिकागोचं काम मिळवून दिलं. रामिरो तिला धक्क्यावर भेटला की आधी स्वतःच एक शेंडा मोडून दाखवतो. आता बोला, इंजिनिअरची बायको ट्रक चालवते म्हणून कुजबुजणाऱ्यांनो. मोठ्याने बोला, मला कमी ऐकू येतं.

एक काम मात्र राहिलं, दीपा. मला एकोणऐंशी पूर्ण झाली, आणि या वयात टेक्सासात गाडीचं लायसन्स नवं करायला स्वतः ऑफिसात जावं लागतं. तुझा ट्रक दारात होता तेव्हा तू म्हणालीस, "मावशी, मी नेते की. रिकामीच आहे." अपॉइंटमेंट मिळाली ती मंगळवारची. दोनदा बदलली, दोन्ही वेळा तू न्यू जर्सीच्या वाटेवर. तिसऱ्यांदा मी ती कॅन्सल केली. आपल्या दोघींत एकीने चालवलं तरी पुरे.