पोराच्या पगारात माझं नाव

माझा मुलगा माणसं कमी करायचा पगार घेतो. त्याच्या कार्डावर वेगळं लिहिलंय, इंग्रजीत, लांबलचक. सून समजावते की बाबा, ते कंपनीतल्या सगळ्या माणसांचे प्रमुख आहेत, भरती, बढत्या, पगारवाढ सगळं त्यांच्या सहीनं होतं. असेल. मी सातवी शिकलेला. मला जे दिसलं ते लिहितो.

डोंबिवलीच्या एमआयडीसीत पंपाच्या कारखान्यात मी टर्नर होतो. लेथपुढे उभं राहून आयुष्य गेलं, गुडघे तिथेच ठेवून घरी आलो. पोरगा शिकला तो हिच्यामुळे. ही म्हणजे माझी बायको. गेल्या वर्षी आषाढात गेली. किडन्या निकामी झालेल्या, दोन वर्षं ठाण्यात नौपाड्यातल्या हॉस्पिटलात डायलिसिस चाललेलं.

संध्याकाळी एमआयडीसीकडून वास सुटला की ही धाडधाड खिडक्या लावायची आणि ओरडायची, "बघा, तुमची कंपनी पादली." अगं बाई, पंपाच्या कारखान्याला कसला आलाय वास, तो शेजारच्या केमिकलवाल्यांचा. हजारदा सांगितलं. ऐकलं तर शपथ. आता वास येतो आणि खिडकी उघडीच राहते. मला उठावंसं वाटत नाही.

पोराचा पगार हिला माहीत होता, मला नाही. विचारलं की म्हणायची, "तुम्हाला सांगितला की उद्या कट्ट्यावर जाईल." मी चिडायचो. बापाला सांगायची लाज वाटावी असा कसला पगार? ती म्हणायची, लाज नाही हो, तुम्ही उगाच हिशेब लावत बसाल. ते मात्र बरोबर होतं. मी हिशेब लावलाच असता, की लेथवरच्या माणसाला इतके, मग खुर्चीवरच्याला इतके कशाचे.

तेराव्यानंतर पोरगा ठाण्याला त्याच्या कोलशेतच्या टॉवरमध्ये निघून गेला. मग नुसते फोन. नवरात्रात एका रविवारी स्वतः दारात उभा. हातात फळं, जशी दवाखान्यात नेतात तशी.

"बाबा, दसऱ्याला कारखान्यात पूजा आहे. नारळ तुमच्या हातून फोडायचा ठरलंय."

कारखाना म्हणजे माझाच, जिथे मी होतो तो. चार वर्षांपूर्वी एका मोठ्या कंपनीनं तो विकत घेतला आणि त्याच कंपनीनं पुढे माझ्या पोराला या खुर्चीवर आणून बसवलं. हिनं तेव्हा अख्ख्या चाळीला पेढे वाटले होते.

मी म्हटलं, "यंदा आपल्याकडे सण नाही." घरातलं माणूस गेलं की वर्षभर सण करत नाहीत, हे त्याला मी सांगावं?

"माहितीये. पण हा सण घरचा नाही ना, कंपनीचा आहे."

वाद घालायचा पगार असतो त्यांना, मी कुठला पुरणार. आणि खरं सांगायचं तर मला जायचंच होतं. दसऱ्याला कारखान्यात मशिनं धुतात, झेंडूच्या माळा घालतात, हळदकुंकू वाहतात. त्या एका दिवशी बायकापोरांना आत सोडतात. ही दरवर्षी यायची, माझ्या लेथला कुंकू लावायची आणि म्हणायची, "ही बघा माझी सवत." मला ती लेथ बघायची होती. म्हणून हो म्हटलं.

आदल्या दिवशी त्यानं मला कोलशेतला नेलं. दसऱ्याच्या सकाळी तिथून गाडीतून कारखान्याकडे निघालो. पुढे ड्रायव्हर, मागे आम्ही दोघं. मुंब्र्याच्या बायपासला कंटेनर अडकलेले. गाडी हलेना तसा पोरगा बोलायला लागला.

"पूजा झाली की दोन शब्द बोला तुम्ही."

"काय बोलू?"

"हेच, की इतकी वर्षं इथे काढलीत, वेळेवर बाहेर पडलात, आज समाधानी आहात."

"कोण समाधानी आहे?"

"बाबा, प्लीज."

मग हळूहळू बाहेर आलं. कारखाना इथून उठणार होता, दुसऱ्या राज्यात जाणार होता. जागेला भाव आलाय. कामगारांना पैसे घेऊन घरी जायची योजना, स्वेच्छानिवृत्ती. पूजेनंतर ती जाहीर करायची. त्या दिवशी रजेवरचेसुद्धा येतात, बायकापोरं असतात, सगळे खुशीत असतात. पेढ्याच्या बॉक्सशेजारी फॉर्म ठेवायचे.

मी विचारलं, "यात तुला काय मिळतं?"

"माझा काय संबंध?"

"संबंध नाही तर दसऱ्याच्या दिवशी इथे कशाला अडकलायस? सांग."

ड्रायव्हरनं रेडिओ बारीक केला. त्यालापण ऐकायचं होतं.

मग त्यानं सांगितलं, लहान पोराला समजावतात तसं. त्यांच्या पगाराचे तीन भाग असतात. एक बांधलेला, दर महिन्याचा. तो कंपनी केवढी, हाताखाली माणसं किती, त्याच्यासारख्याला दुसरीकडे काय देतात, यावर ठरतो. हे सगळं गोळा करून देणाऱ्याही कंपन्या आहेत म्हणे. दुसरा भाग वर्षाच्या शेवटी. एप्रिलमध्ये कामं लिहून देतात, मार्चला बघतात झाली की नाही, तसे पैसे. तिसरा म्हणजे शेअर. ते आज कागदावर, हातात यायला तीन-चार वर्षं. मध्येच सोडून गेलं की गेले.

"म्हणजे बैलापुढे पेंढी बांधतात तसं."

"तसंच म्हणा."

"यंदाचं काम काय दिलंय?"

"बरीच असतात."

"मोठं कुठलं?"

तो खिडकीबाहेर बघायला लागला. "हा प्लँट. मार्चच्या आत. संप न होता."

गाडी जरा सरकली, परत थांबली. मी म्हटलं, "आणि तुलाच का घेतलं रे या जागेवर? मोठमोठी कॉलेजं केलेले असतील की दुसरे."

इथे तो हसला. अजून तसंच डोळ्यांसमोर आहे ते हसू. म्हणाला, "होते ना. पण मी याच प्लँटच्या कामगाराचा मुलगा. युनियनची माणसं मला ओळखतात, तुम्हाला मानतात. इंटरव्ह्यूत हेच विचारलेलं त्यांनी. मी पण तेच पुढे केलं. पॅकेज ठरवताना उपयोग झाला त्याचा."

मला आयुष्यात पगारावर कधी राग आला नव्हता. कमी पडायचा, पण राग नाही. त्या दिवशी आला. माझी तीस वर्षं त्यानं टेबलावर ठेवून भाव केलेला, आणि मला विचारलंसुद्धा नव्हतं. मला तेव्हाच उतरायचं होतं. पण बायपासवर उतरून जाणार कुठे? पुढे बोललो नाही. त्याला वाटलं, पटलं.

कारखान्यात पोचलो तर माळा लागलेल्या, पोरं धावत होती, कुणाची तरी मुलगी बापाच्या ड्रिलमशीनसमोर फोटो काढून घेत होती. लोक माझ्या पाया पडले. मी लेथकडे निघालो, तर वाटेत कॅन्टीनवाली आडवी आली. ती इथल्याच आगरी गावातली, माझ्या वेळेपासूनची, तोंडानं फटकळ.

"आवं काका, काकू जाऊन चार म्हयने नाय झाले, नि तुमी नारल फोराला आलाव? कुनी बोलावला तुमाला?"

आमच्या युनियन कमिटीचा सेक्रेटरी तिथेच होता. मी त्याला लेथ शिकवलेली, त्यानं हिला खांदा दिलेला. तो माझ्याकडे बघायचं सोडून माझ्या पोराकडे बघायला लागला. दुःखातल्या म्हाताऱ्याला पूजेला कुणी आणत नाही. आणलाय म्हणजे काहीतरी काम आहे. एवढं त्याला तिथल्या तिथे कळलं. इतकी कॉलेजं करून माझ्या पोराच्या डोक्यात हे आलं नव्हतं. त्यानं झेंडू मोजून मागवले, फोटोवाला आणला, बापाला गाडीत घालून आणलं आणि आई मेलीय हेच विसरला.

पोरानं माइक माझ्या हातात दिला. दिला म्हणजे कोंबला.

मी म्हटलं, "माझ्या घरी यंदा सण नाही. नारळ मी फोडणार नाही. दुसऱ्या कुणीतरी फोडा. मला का आणलंय ते सांगतो, मग मी बसतो."

आणि सांगितलं. कारखाना हलणार, पेढ्याशेजारी फॉर्म येणार, मार्चच्या आत तुम्ही सह्या केल्यात आणि आवाज नाही केलात तर माझ्या पोराला त्याचे पैसे. "मी सह्या करा म्हणत नाही, करू नका म्हणत नाही. तुमचं तुम्ही बघा, घरी बायकोला विचारा. पण माझ्या तोंडाकडे बघून करू नका. माझं तोंड आधीच विकलं गेलंय, ते मला आज सकाळी कळलं."

पोरगा "बाबा, बाबा" करत होता. कुणी टाळ्याबिळ्या वाजवल्या नाहीत. सेक्रेटरीनं माइक काढून घेतला आणि म्हणाला, आज कुणी कसल्याही कागदाला हात लावायचा नाही, पूजा करा, प्रसाद घ्या, घरी जा. नारळ त्यानंच फोडला. मी लेथपर्यंत गेलो. तिला माळ होती. कुंकू कुणीतरी लावलेलं, वाकडं.

गेटबाहेर पोरानं मला गाठलं. त्याचं बोलणंही लिहितो, नाहीतर म्हणाल म्हातारा एकतर्फी बोलतो.

"तुम्हाला वाटतं मी बंद करतोय? बंद वरच ठरलंय. मी नाही केलं तर दुसरा येईल, आणि तो निम्मे पैसे देऊन गेटवर पोलीस उभे करेल. मी बोर्डाशी भांडून रक्कम वाढवलीय बाबा. यांच्यासाठी."

"मग तेच सांगायचं ना यांना उजळ माथ्यानं. कामाच्या दिवशी, टेबलावर बसून. देवाच्या आड कशाला लपलास? माझ्या आड कशाला लपलास?"

"आणि आईचं डायलिसिस? ते कुठून झालं? याच पगारातून ना?"

हे त्याला बोलायला नको होतं. मी म्हटलं, "हो. म्हणून तर तुझ्या गाडीत बसलो. तिच्या औषधाची किंमत आज वसूल करायला निघालास, एवढं मात्र तिला कळलं नाही, बरं झालं."

मी रिक्षा केली आणि घरी आलो. गाडी मागून येत होती थोडं अंतर, मग वळली.

पुढे काय झालं ते थोडक्यात. सह्या झाल्या नाहीत. बोलणी सुरू झाली, खरोखरची, टेबलावर बसून. कमिटीनं वकील धरला. मार्च गेला. ज्यांच्या पोरींची लग्नं होती, ज्यांना गावाला घर बांधायचं होतं, त्यांनी आधीपेक्षा बऱ्या रकमेवर पैसे घेतले. बाकीचे अजून एका पाळीवर काम करतायत. कारखाना राहील असं मी म्हणत नाही. जाईल बहुतेक. पण कुणी फसून गेला नाही. सेक्रेटरी अजून कामावर आहे. रविवारी येतो, भाजी ठेवतो, जातो.

पोराचे त्या वर्षीचे मार्चचे पैसे बुडाले. मला वाटलं, नोकरीही जाईल. कसली जातेय. उन्हाळ्यात सुनेचा फोन, त्यांना दुसऱ्या कंपनीत आणखी मोठी जागा मिळाली. मी विचारलं, कशावर? तर म्हणे, अवघड युनियन हाताळल्याचा अनुभव. मी हसलो. एकटाच घरात मोठ्यांदा हसलो, आणि हिला सांगायला स्वयंपाकघराकडे वळलो.

म्हणजे धंदा असा आहे. काम झालं तर पैसे, नाही झालं तर अनुभव, आणि अनुभवाचे जास्त पैसे. आमचा एक पीस खराब निघाला तर सुपरवायझर आईबहीण काढायचा.

तो स्वतः फोन करत नव्हता. परवा केला. हवापाण्याचं झालं. मग म्हणाला, "नवीन ठिकाणी मी तुमचं काही सांगितलेलं नाही बाबा. इंटरव्ह्यूत विचारलं, वडील काय करायचे. मी म्हटलं, नोकरी."

मला बरं वाटायला हवं होतं. मी तेच मागितलेलं. पण लागलं. टर्नर म्हणायला काय झालेलं त्याला? मी म्हटलं, "बरं केलंस."

"जेवलात का?"

"जेवलो," मी म्हटलं. कुकर अजून लावलाही नव्हता.