परवा नव्हे, मोन्ने

आमच्या ऑफिसात ‘परवा’ हा शब्द उच्चारायची सोय नव्हती. बंदी घातली होती मोन्नेअक्कानं. कन्नड मुलखातल्या आमच्या शहरात, लॅमिंग्टन रोडवरच्या त्या ऑफिसात आम्ही लोकांची गुंतवणूक सांभाळायचो, आणि ती वाढली की घटली याचे अहवाल आम्ही दोघी करायचो. मराठीत गेलेलाही परवा आणि येणाराही परवाच. घरची मराठी असूनही अक्का म्हणायची, "कन्नडात बघ की! गेला तो मोन्ने, येणार तो नाडिद्दु. भाव कुठल्या दिवसाचा ते कळायला नको?" त्यावरून तिचं हे नाव पडलं.

नफा दिसला की तिचा चेहरा उतरायचा. "तोटा सगळे तपासतात गं. नफा कोण बघतंय?" असं म्हणून ती चांगला आकडा मुळापासून उकरायची. एकदा एका गिऱ्हाइकाची वाढ झकास दिसत होती. त्यानं मधेच नवी रक्कम भरली होती आणि ती भर आम्ही कमाईत धरली होती. अक्कानं स्वतः फोन करून त्याची कमाई कमी करून सांगितली. तो रागवायचा सोडून तिच्यासाठी शेंगाचटणीचा डबा घेऊन आला! मला कधी कुणी चहासुद्धा विचारला नाही.

माझा जळफळाट व्हायचा. विभागप्रमुखाची जागा रिकामी होणार होती आणि मला ती हवी होती. अशात साहेबांनी फोनवर सांगितलं, "परवाचा भाव धरून अहवाल करा." त्यांच्या मनात येणारा परवा, महिनाअखेरचा. मी धरला गेलेला. मधे बाजार पडला आणि माझ्या अहवालात नफा दिमाखात उभा. साहेब माझं कौतुक करायला तोंड उघडतात तोच अक्कानं विचारलं, "हा भाव मोन्नेचा ना?" चूक माझी नव्हतीच, मराठीची होती. पण जागा तिला मिळाली.

पुढे मुलीकडे म्हैसूरला कायमची निघाली तेव्हा स्टेशनवर म्हणाली, "साहेबांना तुझंच नाव सांगितलंय. आता तू बस की त्या खुर्चीत."

ती खुर्ची मला तिच्याकडून हिसकावून घ्यायची होती. तिनं ती अशी सहज देऊन टाकली. मला रडूच फुटलं. तिला वाटलं, ती चाललीय म्हणून. "अळब्याड गं, रडू नको," म्हणत तिनं पदरानं माझे डोळे पुसले. मी रागानं रडत होते. निदान सुरुवातीला तरी.