तुपाच्या घासावरची गोळी

माझ्या सासूबाईंसारखा रेशमाच्या कोशाचा धागा आमच्या गल्लीत दुसऱ्या कुणाला काढता येत नसे. हे मी सून म्हणून नाही, विणकराची लेक म्हणून सांगते. उकडलेल्या कोशांचं मडकं समोर घ्यायचं, पाच-सहा कोशांचे तंतू एकत्र धरायचे आणि उघड्या मांडीवर तळहाताने पीळ देत धागा ओढायचा. त्यांचा धागा पहिल्या वितीपासून शेवटच्या वितीपर्यंत एकसारखा येई. माझ्या हातचा मात्र कधी सुतळी, कधी केस.

सत्तरचं दशक संपत आलं होतं आणि माझ्या लग्नाला जेमतेम सहा महिने झाले होते, तेव्हा त्यांच्या उजव्या हाताची तीन नखं बिघडली. पिवळी पडली, जाड झाली, कडेनं भुगा होऊन झडू लागली. तंतू त्या खरखरीत कडेला अडकायचा आणि तुटायचा. धाग्यात गाठी येऊ लागल्या, तशी मामंजींनी एक दिवस त्यांच्या धाग्याची लड विणायला न घेता बाजूला ठेवली. त्या दिवशी आत्याबाई, सासूबाईंना मी असंच म्हणे, जेवल्या नाहीत. धागा काढता आला नाही, तर दुसऱ्यांनी काढलेला धागा गुंडाळून मागासाठी कांड्या भरत बसावं लागणार होतं आणि ते काम गल्लीतल्या शेंबड्या पोरीही करत.

भंडाऱ्याला आठवड्यातून एकदा नागपूरचे चामडीचे डॉक्टर येत. एसटीनं कारध्याचा पूल ओलांडून आम्ही दोघी गेलो. डॉक्टरांनी नखं खरवडून पाहिली आणि म्हणाले, हात सदा ओले, त्यामुळे नखात बुरशी शिरली आहे. गोळी रोज घ्यायची, जेवण झाल्यावर. नवं नख मुळापासून वर यायला पाच-सहा महिने लागतील, मध्येच सोडायची नाही. दुसऱ्या कुणाला द्यायची नाही, दिवस गेलेल्या बाईला तर मुळीच नाही. आत्याबाई मान डोलवत बाहेर पडल्या. मी निघताना डॉक्टरांनी मला थांबवलं आणि म्हणाले, जेवणात तूप-तेल असू द्या, नाहीतर वर कपभर दूध. कोरड्या जेवणावर ही गोळी अंगाला लागत नाही. तुम्ही शिकलेल्या दिसता, लक्ष ठेवा.

आमच्याकडे अंगावर काही उठलं की पहिलं पथ्य तेल-तुपाचं. खाज असो, गजकर्ण असो, जवसाच्या तेलाचं भांडं आधी शिंक्यावर चढायचं. आत्याबाईंनी त्याच संध्याकाळपासून तेल सोडलं, तूप सोडलं, दूधही सोडलं. नुसता भात, आळणी वरण आणि वर गोळी. बायका येऊन म्हणत, असं पथ्य पाळावं तर हिनं. शेजारणीनं आपल्या सुनेच्या गजकर्णासाठी दोन गोळ्या मागितल्या, तर आत्याबाईंनी साफ नकार दिला, कारण त्या सुनेला तिसरा महिना होता. शेजारीण आठवडाभर बोलली नाही, पण त्यांनी डबा उघडला नाही.

आणि मी काय करत होते? गप्प बसले होते. डॉक्टरांकडे जाण्याच्या दोन दिवस आधी त्यांनी चार बायकांदेखत माझ्या धाग्याला नावं ठेवली होती. ते माझ्या डोक्यात बसलं होतं. मला कुणी विचारत नाही, तर मी कशाला सांगू, असं मनाशी म्हणत मी रोज त्यांना ते कोरडं ताट वाढत राहिले. साठ दिवस. आज लिहितानाही कान गरम होतात.

दोन महिन्यांनी डॉक्टरांनी नखाचं मूळ निरखलं. नवं काही आलंच नव्हतं. खाता काय, असं त्यांनी विचारलं, तर आत्याबाईंनी अभिमानानं पथ्य सांगितलं. डॉक्टर चिडले. गोळ्या वाया गेल्या म्हणाले आणि माझ्याकडे वळले, "मी तुम्हाला सांगितलं होतं ना?"

आत्याबाईंनी एकवार माझ्याकडे पाहिलं.

"तिनं सांगतलं होतं, डाक्टरसाहेब," त्या म्हणाल्या. "मीच आयकलं नाई. तिले काहून बोलता?"

परतताना बसमध्ये मी रडायलाच लागले. त्यांनी पदरानं माझं नाक पुसलं आणि एवढंच म्हणाल्या, "माह्या घरात बोलाचं भेव वाटलं तुले. मंग चूक कोणाची?" त्या रात्री त्यांनी भातावर तूप घेतलं, मला दाखवून घेतलं, आणि मग गोळी.

त्यानंतर मी जी बोलायला लागले ती थांबलेच नाही. आत्याबाई, आज दूध राहिलं. आत्याबाई, हात कोरडे करा, मगच दुसरं काम. तीन महिन्यांत नखं निम्मी निर्मळ झाली, कोशांचा ढीग आला, तेव्हा त्या म्हणाल्या की आता पुरे गोळ्या. मी म्हटलं, डॉक्टर म्हणतील तेव्हाच. त्यांनी मुकाट्यानं गोळी घेतली. एवढ्या मानी बाईनं माझं ऐकलं, याचं मला आजही नवल वाटतं.

सहाव्या महिन्यात तिन्ही नखं पूर्ण आली. मडक्यासमोर बसून त्या पहिला लांब धागा काढत होत्या, न तुटता, न अडकता. माझ्यानं राहवेना. मी म्हटलं, "आत्याबाई, ते भेव नव्हतं. राग होता, म्हणून मी तूप-दुधाचं सांगितलं नव्हतं."

त्यांचा हात थांबला नाही.

"मालूम हाये मले," त्या म्हणाल्या. "भेव म्हणलं म्हणून तं तू बोलाले लागली."