शोभाताई कॉलेजात जातात

यवतमाळच्या अभिलेख कक्षात नोकरीची सव्वीस वर्षं झाल्यावर शोभाताई मांडवगडे यांनी एक्कावन्नाव्या वर्षी कॉलेजात नाव घातलं. सगळ्यांत जास्त गोंधळले ते त्यांचे यजमान अनंतराव. अनंतरावांचे आजोबा कचेरीत कारकून, वडील कारकून आणि ते स्वतः जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले. त्यांच्या घरात शिकायचं ते नोकरीसाठी, नाहीतर बढतीसाठी. शोभाताईंना तर मिळायची ती बढती मिळून चुकली होती.

"आता काहून हा खटाटोप?" त्यांनी विचारलं. "आणि विषय तरी कोणता?"

शोभाताईंना ते एका शब्दात सांगता येईना. भाषा होती, इतिहास होता, लोककला, समाजशास्त्र, थोडे नकाशे, आणि हे सगळं एकाच एम.ए.त. वर्ग शनिवार-रविवारी. अनंतरावांनी माहितीपत्रक चष्मा लावून दोनदा वाचलं आणि म्हणाले, ही तर भेळ झाली. पण सोमवारी स्कूटरवरून त्यांना फॉर्म भरायला घेऊन गेले ते हेच.

खरं सांगायचं तर शोभाताईंना भेळ नकोच होती. त्यांना मोडी लिपी हवी होती. कक्षाच्या मागच्या खोलीत लाल कापडात बांधलेली मोडीतली दप्तरं होती. वामनराव नावाचे जुने कारकून ती वाचायचे. ते निवृत्त झाले आणि त्यानंतर ती दप्तरं कोणी वाचली नाहीत, फक्त दिवाळीच्या आधी झटकली. शोभाताईंनीही सव्वीस वर्षं ती उचलली, ठेवली, त्यांना डांबरगोळ्या घातल्या. आत काय आहे हे आपल्याला कळत नाही, याची त्यांना आतून लाज वाटायची. गावात मोडी शिकवत होते ते फक्त या अभ्यासक्रमात, म्हणून बाकीचंही त्यांनी पत्करलं.

मोडीत त्या वर्गात पहिल्या आल्या. लोककलेत जेमतेम पास झाल्या. तो विषय शिकवणारे पियूष सर वयाने त्यांच्या मुलीपेक्षा लहान. त्यांनी प्रत्येकाला एक गाणं गोळा करून आणायला सांगितलं. शोभाताईंनी लहानपणचं भुलाबाईचं गाणं सुवाच्य अक्षरात लिहून दिलं. सरांनी खाली लाल शाईने विचारलं, 'या गाण्यातलं सासर कुठल्या गावचं?' शोभाताईंना राग आला. गाण्यातल्या गावाचा पत्ता कोण विचारतो?

दुसऱ्या सत्रात एकदा बंजारा तांड्यांवर चर्चा चालली होती. पुढच्या बाकावर दिग्रसकडची वैष्णवी राठोड बसायची. ती सहज बोलून गेली, "आमच्या तांड्याचं नाव तीनदा बदललं. नायक बदलला की नाव बदलते."

शोभाताईंचा हात वहीवरच थांबला. तीन वर्षांपूर्वी पुसदकडच्या एका तांड्यावरून प्रेमसिंग चव्हाण नावाचा माणूस आला होता. जंगलाला लागून असलेल्या जमिनीवर त्यांच्या पिढ्या राबल्या होत्या. वनहक्काच्या दाव्यासाठी त्यांना १९३० च्या आधीपासून तिथे राहत असल्याचा पुरावा हवा होता. शोभाताईंनी तांड्याचं आजचं नाव शोधलं, ते सापडलं नाही. मग 'नोंद आढळून येत नाही' असा शिक्का मारून त्यांनीच सही केली होती. तो माणूस कागदाची घडी करून निघून गेला होता.

सोमवारी त्यांनी तो अर्ज काढला आणि त्यावरच्या नंबरावर फोन लावला. प्रेमसिंगला आधी भरवसा वाटेना. "मॅडम, तुमीच तं नाही म्हनलं होतं," तो म्हणाला. शोभाताई म्हणाल्या, हो, मीच म्हटलं होतं, आणि मला पुन्हा बघायचं आहे. तांड्याचं जुनं नाव काय, असं त्यांनी विचारलं. त्याला माहीत नव्हतं. माहीत असलं तर याडीला असेल, तो म्हणाला. याडी म्हणजे त्याची आई, मैनाबाई.

पुढच्या रविवारी शोभाताई वैष्णवीला घेऊन एसटीने पुसदला आणि तिथून ऑटोने तांड्यावर गेल्या. मैनाबाईचं वय ऐंशीच्या पुढचं. तांड्याचं जुनं नाव विचारलं तर ती नुसती हसली. मग वैष्णवीने तिच्याशी गोरबोलीत, बंजाऱ्यांच्या भाषेत, घटकाभर गप्पा मारल्या, लग्नात काय गाता असं विचारलं, आणि म्हातारी गायला लागली. वैष्णवी हळूच अर्थ सांगत होती. लखीराम नायकाने नाल्याच्या उगवतीला खडक फोडला, खाली पाणी लागलं, तीन तांड्यांच्या बाया तिथे भरायला येऊ लागल्या. शोभाताईंनी वहीत तीन शब्दांखाली रेघा मारल्या: लखीराम, नाला, उगवत.

त्यानंतर तीन आठवडे जेवणाच्या सुट्टीत त्या मागच्या खोलीत बसायच्या. तांड्यांची यादी नव्हतीच, पण शेजारच्या गावाच्या मोडी दप्तरात विहिरींची यादी होती. १९२४ सालच्या पानावर, कसरीने खाल्लेल्या कडेपासून बोटभर अंतरावर, ओळ होती: 'लखीराम नाईक बंजारी याची विहीर, नाल्याचे पूर्वेस, तांडा वस्ती.' त्यांनी ती चार वेळा वाचली. आधी आनंद झाला, मग त्यांनी प्रेमसिंगचा जुना अर्ज काढून त्या पानाशेजारी ठेवला. हे पान तीन वर्षांपूर्वीही इथेच होतं.

प्रेमसिंगला त्यांनी फोनवर सांगितलं, "चूक माझी होती."

"सापडलं ना," तो म्हणाला, "मंग झालं."

वरिष्ठांनी मात्र भुवया उंचावल्या. गाणं पुरावा कसं होईल, असं त्यांनी विचारलं. शोभाताई म्हणाल्या, पुरावा रजिस्टरच आहे साहेब, गाण्याने फक्त कुठे बघायचं ते सांगितलं. नक्कल निघाली. म्हाताऱ्यांचे जबाब झाले, वैष्णवीने विहिरीचा, नाल्याचा नकाशा काढून दिला. दीड वर्षाने त्रेचाळीसपैकी एकोणतीस घरांचे दावे मंजूर झाले. बाकीचे अजून चालू आहेत.

अनंतरावांनी हे सगळं जेवताना तुकड्या-तुकड्यांनी ऐकलं. आताशा त्यांना कोणी विचारलं, वहिनी काय शिकतात, तर ते खुर्ची पुढे ओढतात आणि सांगायला बराच वेळ घेतात.

दावे मंजूर झाल्यावर मैनाबाई मुलाबरोबर यवतमाळला आली. तिला ते पान बघायचं होतं. शोभाताईंनी दप्तर सोडलं, तिचं बोट धरून ओळीवर ठेवलं आणि वाचून दाखवलं. म्हातारीने लक्ष देऊन ऐकलं, मग मान हलवली आणि काहीतरी बोलली. प्रेमसिंगने अर्थ सांगितला: यात सोनीबाईचं नाव नाही. ती लखीरामची बायको. खडक त्याने फोडला, पण दगड तिने वाहिले. गाण्यात दोघं आहेत.

"पुन्हा म्हणा, आजी," शोभाताई म्हणाल्या, आणि त्यांनी वहीचं कोरं पान उघडलं.