तोडीचा दिवस आणि फ्रेंचचा तास

दुसऱ्याचं चांगलं बघितलं की माझ्या पोटात दुखतं. लहानपणापासून दुखतं आणि त्यावर औषध सापडलेलं नाही. पण मी लासुर्ण्यात सून म्हणून आले तेव्हा फ्रेंच भाषेवरून दुखेल असं कुणी मला सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

बारामतीत एक बाई फ्रेंचचा क्लास घ्यायच्या. शेजारच्या वस्तीवरची माझी मैत्रीण आणि मी, दोघी पदवीधर, दोघी घरात बसून विटलेल्या. आठवड्यातून तीनदा एसटीनं जायला लागलो. तिथल्या एका शाळेला फ्रेंच शिकवायला कुणीतरी हवं होतं, आणि शाळेनं बाईंना सांगून ठेवलं होतं की तुमच्या क्लासमधलीच एक द्या. एकच. आमच्याकडं लग्न झालेल्या बाईला रोज सकाळी स्वतःच्या कामासाठी डबा घेऊन बाहेर पडायला मिळणं ही काय चीज आहे, ते ज्याचं त्याला कळतं. दोघींनाही ती जागा हवी होती. दोघीही तसं बोलत नव्हतो.

पहिलं वर्ष गोडीत गेलं. मग अपूर्ण भूतकाळ आला. पूर्वी नेहमी घडायचं ते सांगायचा काळ. आपण जायचो, यायचो, खायचो म्हणतो ना, तोच. बाईंनी युक्ती दिली: वर्तमानकाळातलं ‘आम्ही’चं रूप घ्या, त्याचं शेपूट छाटा आणि राहिलेल्याला नवी शेपटं जोडा. ज शाँतॅ, त्यु शाँतॅ, इल शाँतॅ. मी गायचे, तू गायचीस, तो गायचा. सहातली चार रूपं कानाला एकसारखी, लिहिताना तीन तऱ्हेची. मी तक्ता करून ओट्यासमोर चिकटवला आणि भाकऱ्या थापता थापता घोटला. माझं एक शेपूट कधी चुकलं असेल तर शपथ.

तिची चुकायची. वहीभर लाल शाई. पण ती बोलायला लागली की बाई खुर्चीत सरसावून बसायच्या. तिचं माहेर उजनीच्या पाण्याकाठचं. ती सांगायची, आम्ही हिवाळ्यात काठावर बसून रोहित पक्षी मोजायचो आणि माझा धाकटा भाऊ कायम खोटा आकडा सांगायचा. सगळा वर्ग हसायचा. माझं वाक्य होतं, आम्ही दर उन्हाळ्यात समुद्रावर जायचो. पुस्तकातलं. समुद्र मी लग्नानंतर एकदाच पाहिलाय, तोही गाडीच्या काचेतून. एकदा बाई मला म्हणाल्या की तुझं व्याकरण पक्कं आहे, पण जरा तिच्यासारखं मोकळं बोल. तिच्यासारखं! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. परतीच्या एसटीत तिनं मला खिडकीची जागा दिली, त्याचाही मला राग आला.

शेवटी शाळेनं दोघींना बोलावलं. गुरुवारी सकाळी आठवीच्या मुलांना प्रत्येकीनं एक तास घ्यायचा, विषय हाच काळ.

मंगळवारी ती घरी आली. चेहरा उतरलेला. कारखान्यानं त्यांच्या उसाला नेमकी गुरुवारचीच तोड लावली होती. तिचा नवरा बारामतीला कंपनीत, रजा मिळेना. सासरे अंथरुणाला खिळलेले. उसाच्या फडात मालक उभा नसला की तोडणारी टोळी ऊस वरून तोडते, हातभर बुडखे शेतात राहतात आणि तेवढं वजन बुडतं. म्हणून तिथं कुणीतरी उभं राहून बुडातून तोडा, बुडातून तोडा म्हणत राहावंच लागतं. तिच्या घरात ते कुणीतरी म्हणजे तीच. आणि आमचे हे कारखान्याच्या शेतकी खात्यात. आमच्या भागातली तोड कुणाला कधी, ते ह्यांच्याच हातात.

“दाजींना सांग की, एक दिवस पुढं ढकला म्हणावं,” ती म्हणाली. “गुरुवार सोडून कवाबी चालंल.”

मी म्हटलं, सांगते.

संध्याकाळी हे जेवायला बसले. मी भाकरी वाढली, आमटी वाढली, वर तूपही वाढलं. विसरले वगैरे नाही हं. शब्द जिभेवर होते आणि मी तोंड मिटून बसले. बुधवारीही तेच.

गुरुवारी आठ वाजता तिचा फोन आला की टोळी फडात उतरलीय. मी म्हटलं, मी सांगितलं होतं गं, ह्यांनी ऐकलंच नाही. असं म्हणून मी इस्त्रीची साडी नेसून बारामतीला गेले. फळ्यावर शेपटं लिहिली. मुलं जांभया देऊ लागली. तेव्हा मी समुद्र सोडून दिला आणि सांगितलं की लहानपणी आम्ही रोहित पक्षी मोजायचो आणि माझा भाऊ खोटा आकडा सांगायचा. मला भाऊच नाही. मुलं खळखळून हसली. जागा मला मिळाली. बाईंनी तिच्यासाठी आणखी एक दिवस मागून बघितला, पण शाळा थांबली नाही.

त्यानंतर ती आमच्याकडं यायची, ती हे कामावर असतानाच. हे दिसले की मान वळवून जायची. ह्यांना काही उमजेना. मग तोडीपायी तिचा शाळेतला तास हुकला हे कुणाकडून तरी कानावर आलं, तेव्हा ताटावरून मला म्हणाले, “एका फोनचं काम होतं. वहिनींनी मला का नाही सांगितलं?” मी म्हटलं, संकोच वाटला असेल. इतक्या सहज म्हटलं की माझी मलाच भीती वाटली.

आता मी रोज डबा घेऊन जाते. पोटातलं दुखणं जाईल असं वाटलं होतं. कुठलं जातंय! मुलं अजून ती पक्ष्यांचीच गोष्ट मागतात, आणि मी ती सांगते.

यंदा कारखाना सुरू झाला तेव्हा ह्यांनी तोडीची यादी करायच्या आधीच मला सांगितलं, वहिनींना विचार, कुठला दिवस सोयीचा पडेल. मागच्या वेळेसारखं नको. ह्यांच्यासमोरच फोन लावावा लागला. तिनं सगळं ऐकून घेतलं. मागं म्हैस रेकत होती.

“कुठलाबी लावा म्हणावं,” ती म्हणाली. “मला आता कुठं जायचंय?”