धवळ्यातलं नाव

हळदीचा वास आला की मला सासूबाई आठवतात. नणंदेच्या हळदीला त्यांनी स्वतः धवळा रचून गायला होता, त्यात लेकीचं नाव गुंफून. वर्षभरातच बाळंतपणात ती गेली बघा. पुढे डोंबिवलीत एका हळदीला डीजेवर तेच गाणं वाजलं, तिच्या नावाच्या जागी नुसतं ‘नवरी’. मोबाइलवर पाहिलं तर लिहिलेलं, ‘गीत: पारंपरिक’. माझा माहेरचा वकील भाचा सासूबाईंना म्हणाला, “आजी, जिनं रचलं तिचाच हक्क. तुमचं नाव त्यांना द्यावंच लागेल.” सासूबाई म्हणाल्या, “माजं नको रं बाबा. पोरीचं काढलंय, तेवढं परत घाला म्हनावं.” नोटीस जायच्या आधीच त्याही गेल्या. आता कुठल्याही हळदीत ते गाणं लागलं, की ‘नवरी’च्या जागी मी हळूच नणंदेचं नाव म्हणते. डीजेच्या आवाजात कुणाला ऐकू जात नाही.